संध्याकाळी पाचला आलेले

श्टुटगार्ट,
नोव्हेंबरमधला दुसरा रविवार

प्रिय अक्का,

प्रभू येशूच्या नावात तुला, दाजींना आणि अण्णांना सलाम.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर अण्णा "काम कसं चाललंय?" विचारतात आणि माझ्या तोंडून "बरं चाललंय" आपोआप निघून जातं. पाच महिने ते तसंच निघतंय, आणि ते खोटं आहे. जूनमध्ये माझी नोकरी गेली. कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला, त्यात मीही गेलो. घाबरू नका. इथं शेवटच्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के भत्ता मिळतो, त्यात भाडं आणि जेवण भागतं, आणि राहायचा परवाना कायमचा आहे. अण्णांच्या औषधांचे पैसे मात्र दोन-तीन महिने निम्मेच पाठवू शकेन. दाजींना सांग, मी भरून काढीन.

आता लपवलं का, ते सांगतो. तुला आठवतंय, शाळेतून प्रगतिपुस्तक आणलं की अण्णा हातपाय धुऊन, चष्मा लावून मगच ते उघडायचे? सही करताना एकच वाक्य असायचं: "आपण इथं कर्नाटकात मराठी, आणि मराठ्यांत ख्रिस्ती. मार्क तरी असू देत." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आपल्या गल्लीतल्या प्रत्येक बापानं पोराला या ना त्या शब्दांत हेच सांगितलंय. कचेरीत कानडी येत नाही म्हणून कागद परत यायचा, आणि शेजारची माणसं गोड बोलत असली तरी "तुम्ही मूळचे कोण?" हा प्रश्न काही चुकायचा नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत उभा जन्म साचे भरलेल्या माणसानं पोराच्या हातात दुसरं कुठलं हत्यार द्यायचं?

पण त्या वाक्याचा मी अर्थ असा घेतला, की मार्क आहेत तोवरच मी आहे. विद्यापीठात नंबर आला, अण्णांनी गल्लीभर कुंदा वाटला, त्या दिवशी मी होतो. जर्मनीचा व्हिसा लागला, त्या दिवशीही होतो. जूनमध्ये ओळखपत्र परत देऊन बाहेर आलो आणि बसथांब्यावर उभा राहिलो, तेव्हा आपण नेमके कोण हेच मला सुचेना. अण्णा सांगायचे ना, ओतकामात भोक निघालं की त्या कास्टिंगवर खडूची फुली मारून बाजूला टाकतात? ती फुली घेऊन मी पाच महिने फिरलोय. देवळात जाणंही सोडलं. उपासना संपली की चहा असतो, आणि चहाला कोणीतरी विचारणारच, "तुम्ही काय करता?"

सप्टेंबरात मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई घरी आल्या. मंडळीचं पत्रक त्या पायी फिरून वाटतात. मी दारातच सगळं सांगून टाकलं, कुणालाही न सांगितलेलं, तेही मोडक्या जर्मनमध्ये. त्यांनी "अरेरे" केलं नाही की नोकरीच्या जाहिरातींबद्दल बोलल्या नाहीत. जेवलास का, एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, चल, हायडेलबर्गला जाऊ.

ते गाव आमच्याच नेकार नदीवर, खालच्या अंगाला आहे. एप्रिल 1518 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं तिथं आपली विधानं मांडून वाद केला होता. आपल्याला ल्यूथर म्हणजे पोपच्या चर्चविरुद्ध देवळाच्या दारावर कागद ठोकणारा शूर माणूस एवढंच माहीत. बाईंनी मला त्याच्या आधीचा ल्यूथर सांगितला. उपास करकरून अंग वाळवणारा, तासन्‌तास पापांची कबुली देणारा आणि तरीही आपण देवापुढं कमीच पडतोय या भीतीनं पोखरलेला मठवासी. अक्का, मला वाटलं आपल्याच घरातल्या कुणाबद्दल ऐकतोय. तर हायडेलबर्गच्या वादात त्याचं 28 वं विधान असं आहे: माणसाचं प्रेम आवडण्याजोगं काही दिसलं की मग जडतं, देवाचं प्रेम आवडण्याजोगं काही शोधत बसत नाही, ते स्वतःच तसं घडवतं. मी चौकातल्या बाकावर बसलो आणि रडलो. बाई शेजारी गप्प बसून राहिल्या.

रविवारच्या शब्बाथ शाळेत आपल्याला पंडिता रमाबाई शिकवल्या, आठवतं? 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना "सरस्वती" पदवी दिली, हे आपण पाठ करून म्हणायचो. पण 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही कित्येक वर्षं त्यांच्या मनाला शांती नव्हती, ती पुढं मिळाली, आणि स्वतःची विद्वत्ता किंवा सेवा मोजून मिळाली नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ते आपल्याला कोणी पाठ करायला लावलं नाही. परीक्षेत पदवीचं साल विचारायचे.

आता रोज सकाळी शुभवर्तमान वाचतो. येशूच्या बाप्तिस्म्याशी मी चार दिवस अडकून राहिलो. आकाशातून वाणी येते, हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर त्यानं केलं काय होतं? एकही आंधळा बरा केला नव्हता, एकही दृष्टांत सांगितला नव्हता. तीस वर्षांचा नासरेथचा सुतार. आपल्याकडं शाबासकी शेवटी मिळते, निकाल हातात आला की. इथं बाप ती आधी देतो आणि काम मागाहून सुरू होतं. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल, पण क्रम कधी बघितलाच नव्हता.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसलोय असा नाही. अर्ज करतोय, परवा एका मुलाखतीला जाऊन आलो. नाही झालं. त्या रात्री वाईट वाटलं, फार वाटलं, पण झोप लागली. जूनपासून मला झोपेची गोळी घ्यावी लागत होती, हेही तुला सांगितलं नव्हतं.

तुझ्या पोराची फेब्रुवारीत बारावी आहे. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "मामासारखं नाव काढायचंय त्यानं." अक्का, पाया पडतो, ते वाक्य त्याच्यापुढं पुन्हा म्हणू नकोस. अभ्यास करू दे, पहाटे उठव, ओरड हवं तर. पण निकालाच्या आधी, आजच, त्याला जवळ घे. मामाची नोकरी गेलीय हे त्याला खुशाल सांग. माझ्याशी बोलायचं असेल तर रात्री केव्हाही फोन कर म्हणावं.

अण्णांना कसं सांगायचं, ते तू ठरव. मला वाटतं हे पत्रच वाचून दाखव. बेळगावच्या घरी कौटुंबिक प्रार्थनेत द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टांत आला की ते दर खेपेला चिडायचे. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच? "मुकादम असा वागला तर उद्या सकाळी कामावर येईल कोण?" त्यांचा राग खरा होता, ते कायम सकाळी सहालाच हजर असणारे. पण त्या पाचच्या मजुरांना मालक विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात, तेव्हा ते काय सांगतात ते बघ की. आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही. आळशी नव्हते ते, अक्का. दिवसभर उन्हात नाक्यावर उभे होते आणि घरी काय तोंड दाखवायचं याचा विचार करत होते. मालकानं त्यांना अख्ख्या दिवसाची मजुरी दिली, कारण त्यांच्याही घरी त्या रात्री चूल पेटायला हवी होती.

इथवर वाचून झालं की जरा थांब. अण्णा काय म्हणतात ते मला लिहून कळव, चिडले तरी कळव.

तुझा धाकटा भाऊ