उष्माघात कक्षात बर्फ आहे का?

महोदय,

उन्हाळा लागला की रुग्णालयांत उष्माघात कक्ष उघडल्याच्या बातम्या येतात. खाटा, पंखे, सलाइन, ओआरएस एवढ्यावर तयारी बहुधा थांबते. पण उष्माघाताचा रुग्ण वाचतो तो ३० मिनिटांत त्याचे तापमान ३९ अंश सेल्सिअसपर्यंत (सुमारे १०२ फॅरेनहाइट) उतरवले तर. नुसत्या सलाइनने ते होत नाही.

शरीराच्या आतले तापमान ४० अंशांपुढे आणि सोबत बरळणे, झटके किंवा बेशुद्धी असेल, तर तो उष्माघात. अंग कोरडेच असेल असे नाही. कष्टाचे काम करणारा घामाने निथळत असतानाही कोसळतो. काखेतला थर्मामीटर इथे फसवतो, कारण त्वचा आतल्यापेक्षा बरीच थंड असू शकते. गुदद्वारातून तापमान घेणारा लवचीक प्रोब कक्षात हवाच. आणि पॅरासिटामॉल देऊ नये. तापात मेंदूने तापमानाची पातळीच वर नेलेली असते, ती हे औषध खाली आणते. उष्माघातात ती जागेवरच असते, उष्णता बाहेर पडत नसते. उपयोग काही नाही, यकृताला धोका मात्र वाढतो.

श्रमामुळे कोसळलेल्या तरुण रुग्णासाठी बर्फाच्या पाण्यात बुडवणे सर्वांत जलद. मिनिटाला साधारण ०.२ अंश तापमान उतरते. टब नसला तर ताडपत्री चालते. रुग्णाला तिच्यावर निजवून चौघांनी कडा उचलायच्या, शंभर-दीडशे लिटर पाणी व बर्फ ओतून ते हलवत राहायचे. एकाने डोके वर धरून श्वासावर लक्ष ठेवायचे. ३९ अंशांना थांबायचे, नाहीतर तापमान नको तितके घसरते. वृद्धांसाठी पाणी फवारून पंख्याचा झोत सोयीचा, पण दमट हवेत तो कमी पडतो.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे तापलेल्या रुग्णाला तसेच रुग्णवाहिकेत घालून मोठ्या रुग्णालयाकडे पाठवणे. थंड करणे आधी, हलवणे नंतर.

हा बर्फ आणि २ ते ८ अंशांत ठेवायच्या लसी, दोन्ही विजेवर अवलंबून. आणि मागणी वाढून वीज जाते ती कडक उन्हातच. म्हणून जनरेटरची चाचणी उन्हाळ्याआधी व्हावी.

नोंदवहीत दाखल होतानाचे आतले तापमान आणि ३९ अंशांना पोहोचल्याची वेळ, हे दोन रकाने सक्तीचे करावेत. ते नसले की मृत्यूचे कारण ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहिले जाते आणि पुढच्या वर्षीचा बर्फ कोणी मागत नाही.

– आरोग्यसेवेतील एक वाचक