भाजीच्या वाटेवरचे फोटो, आणि एक विनंती

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं प्रवासाचं पान मी दर आठवड्याला वाचते. स्पितीचे, कंबोडियाचे फोटो सुंदर असतात आणि ज्यांना जमतं त्यांनी नक्की जावं. पण आज लिहितेय ते मी रोज दूध-भाजी आणायला जाते त्या वाटेवरच्या फोटोंसाठी. माझं सासर माटुंग्याचं, माहेर दादर हिंदू कॉलनीतलं, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मी याच दोन किलोमीटरमध्ये फिरतेय, आणि इथे बघण्यासारखं काय काय आहे ते मला कळलं तीन वर्षांपूर्वी, आमची जुनी बिल्डिंग पाडली तेव्हा.

बिल्डिंग तीन मजली, 1938 सालची, गच्चीच्या कठड्याखाली सिमेंटमध्येच तो आकडा काढलेला होता. गेट लोखंडी, त्यात अर्धा सूर्य आणि वर पसरत जाणारे किरण, खाली तीन लाटा. लहानपणी त्या किरणांत पाय अडकवून आम्ही झोके घ्यायचो आणि आजोबा गॅलरीतून ओरडायचे, अरे बिजागरी निघेल! रीडेव्हलपमेंटचं नक्की झालं तेव्हा सगळ्यांनी कपाटं हलवली, भांडी हलवली, देव हलवले, आणि गेट भंगारात किलोवर गेलं. कोणाच्या मनातच आलं नाही. पुढे दोन महिन्यांनी भावाने विचारलं की अगं त्या गेटचा फोटो आहे का कोणाकडे, म्हणून आम्ही पाच घरांचे अल्बम काढून बसलो. एकच सापडला, चुलतभावाच्या मुंजीचा, 1974 चा, त्यात बटूच्या खांद्यामागे चार किरण दिसतात, लाटा नाहीतच. त्या गेटजवळ आम्ही किती फोटो काढले असतील, वरातीचे, पहिल्या स्कूटरचे, बारशाचे, आणि दरवेळी माणसं नीट यायला हवीत म्हणून गेट फ्रेमबाहेर राहिलं.

त्यानंतर मी पिशवीबरोबर मोबाइल पण हातातच धरून निघते.

आता थोडं या बिल्डिंगींबद्दल, कारण मलाही हे उशिराच कळलं. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने गर्दीतल्या माणसांना मोकळी हवा मिळावी म्हणून दादर-माटुंग्याचे प्लॉट आखले, रुंद रस्ते, झाडं, मधे बागा. बिल्डिंगी उभ्या राहिल्या त्या बऱ्याचशा 1930-40 च्या दशकात, तेव्हा आरसीसी, म्हणजे लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट, नवीन होतं आणि आर्ट डेकोची लाट होती. 1925 मध्ये पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यावरून हे नाव पडलं. मुंबईत ती स्टाइल सगळ्यांना माहिती आहे ती रीगल (1933) आणि इरॉस (1938) या थिएटरांमुळे, पण तिकडे थिएटरवाल्यांनी जे केलं तेच इकडे मध्यमवर्गीयांच्या भाड्याच्या घरांवर झालंय हे आपण विसरतो. गोल वळणाऱ्या गॅलऱ्या, बोटीसारख्या गोल खिडक्या, जिन्याच्या बाजूने वरपर्यंत उभी जाळी. खिडक्यांवरून सलग जाणारे छज्जे बघा, भुवयांसारखे दिसतात, आणि त्यांचं कामही भुवयांचंच, पाऊस आणि ऊन आत येऊ द्यायचं नाही. सुंदर दिसतं आणि उपयोगही आहे, हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

पण माझा जीव ग्रिलांवर. शेजारशेजारच्या दोन बिल्डिंगींची ग्रिलं सहसा सारखी नसतात, मी आत्तापर्यंत आमच्या आसपासचे एकशेचाळीस फोटो जमवलेत. सूर्य तर भरपूर आहेत, पण अर्धा, पाव, नुसते किरण, सूर्याच्या मध्ये ॐ, एके ठिकाणी सूर्याच्या खाली ताडाची झाडं. कमळं आहेत, वीज चमकल्यासारख्या तिरक्या रेषा आहेत, कारंजं आहे ज्याचं पाणी दोन्ही बाजूंना वळून खाली येतं. एका जिन्याच्या कठड्याला सगळीकडे पट्ट्या सरळ आहेत आणि फक्त पहिल्या मजल्याच्या वळणावर एक छोटा मोर! का, ते त्या लोहारालाच माहिती. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, बिल्डिंगीवर मालकाचं असतं, आर्किटेक्टचंही कधीकधी असतं, पण ज्याने ती लोखंडी पट्टी तापवून वाकवली त्याचं नाही. बिल्डिंगीच्या नावाची अक्षरं पण अशीच, सिमेंटमधून वर उठवलेली, देवनागरी असो की इंग्रजी, प्रत्येकाचं वळण वेगळं, आणि रंगकाम करताना हल्ली ती पेंटाने बुजतात किंवा वर एसीचं युनिट येतं. दारातल्या मोझॅकचंही तेच, चपलांच्या रॅकखाली चांदणी असते आणि तिथे राहणाऱ्यांना माहिती नसते, मी सांगितलं तेव्हा एका काकूंनी रॅक सरकवून बघितलं आणि मग खाली बसून ओल्या फडक्याने ती पुसून काढली. माझा सगळ्यात आवडता फोटो तोच, ओली चांदणी आणि काकूंचा हात, त्यांना विचारून काढलेला.

बँकेच्या कामाला फोर्टात जावं लागतं तेव्हा मी आता अर्धा तास लवकर निघते. सीएसएमटीवरून आपण पिढ्यान्‌पिढ्या गाडी पकडायला पळतोय, पण 1888 साली पूर्ण झालेल्या त्या स्टेशनावरची पानं, पक्षी, प्राणी जेजे या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत, आणि गेटच्या दोन खांबांवर एकावर सिंह नि एकावर वाघ बसलाय हे पण कितीजणांनी मान वर करून बघितलंय. पुढे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आपली महात्मा फुले मंडई, 1869 ची. दिवाळीच्या सुकामेव्यासाठी मी तिथे चाळीस वर्षं जातेय आणि दरवाजावरची शेतकरी-कामकऱ्यांची कोरीव पट्टी गेल्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिली. ती लॉकवुड किपलिंग यांची, ते जेजेमध्ये शिल्पकला शिकवायचे. आणि फोर्टातलीच न्यू इंडिया अॅश्युरन्सची बिल्डिंग, 1936 ची, तिच्या भिंतीवर सूत कातणाऱ्या बायका, शेतकरी, असे उंचच उंच कोरलेत ना, ते शिल्पकार ना. ग. पानसरे यांचं काम. एका विम्याच्या कंपनीच्या भिंतीवर आपली कष्टाची माणसं देवळातल्या मूर्तींसारखी उभी आहेत, मला तिथे दरवेळी थांबावंसं वाटतं.

फोटो काढायला भारी कॅमेरा लागत नाही. माझा फोन चार वर्षं जुना आहे. पदराने लेन्स पुसायची, हे पहिलं, कारण भाजीच्या हाताने ती कायम तेलकट असते. कोरीवकाम काढायचं असेल तर ऊन भिंतीला घासून तिरकं येतं तेव्हा काढायचं, मग नक्षी उठून दिसते, तेच ऊन समोरून पडलं की सगळं सपाट, त्यामुळे कुठली भिंत सकाळची आणि कुठली संध्याकाळची हे मला आता पाठ झालंय. ग्रिल आकाशासमोर असेल तर स्क्रीनवर आकाशावर बोट टेकवायचं, ग्रिल स्वच्छ काळी येते, आकार कळतो. झूम करू नये, फुटतो फोटो, त्यापेक्षा चार पावलं पुढे जावं किंवा रस्ता ओलांडून पलीकडून पूर्ण बिल्डिंग घ्यावी, दोन्ही हवेत, तपशीलही आणि तो कुठे आहे तेही. मोझॅकला पावसाळा चांगला, ओलं झालं की लाल, पिवळा, हिरवा रंग वर येतो. आणि घरी आल्यावर त्याच दिवशी रस्त्याचं नाव नि तारीख लिहून ठेवायची, नाहीतर महिन्याभराने सगळे सूर्य एकसारखे वाटायला लागतात.

वॉचमन हटकतात, ते त्यांचं कामच आहे, मी आधी सांगते की ग्रिलचा फोटो काढतेय, माणसं येणार नाहीत, आणि मग फोटो त्यांना दाखवते. एका सोसायटीत मात्र एक गृहस्थ चिडून म्हणाले परवानगीशिवाय बिल्डिंगीचा फोटो काढणं गुन्हा आहे, डिलीट करा, आणि मी घाबरून केला डिलीट. नंतर भाचीने सांगितलं, ती वकील आहे, की कॉपीराइट कायदा 1957, कलम 52, त्यात इमारतीचा फोटो काढायला मुभा दिलेली आहे. आवारात शिरताना विचारावंच, पण रस्त्यावरून काढायला काही हरकत नाही, हे वाचकांना माहिती असू दे.

2018 साली युनेस्कोने मुंबईच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या, आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा म्हणून घेतल्या, 94 इमारती आहेत, खूप अभिमान वाटला. पण ती यादी ओव्हल मैदानाच्या आजूबाजूला आणि मरीन ड्राइव्हपाशीच थांबते. दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी, शिवाजी पार्कच्या गल्ल्या त्यात नाहीत, आणि इथे दर दोन महिन्यांनी एखादी बिल्डिंग पडतेय. मी रीडेव्हलपमेंटच्या विरोधात अजिबात नाही. आमचा स्लॅब गळायचा, आईला सत्तरीनंतर तीन जिने चढायला लागायचे, लिफ्ट नव्हती, नवीन घर ही गरजच होती. पण गेट ठेवता आलं असतं. नवीन टॉवरच्या लॉबीत एका भिंतीला लावलं असतं तरी चाललं असतं, त्याला एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं तो हिशोब) लागत नाही. ज्या सोसायट्यांचं अॅग्रीमेंट अजून व्हायचंय त्यांनी कार्पेट एरिया आणि पार्किंगच्या खाली एक ओळ घालावी, की ग्रिल, नावाची अक्षरं, लाकडी कठडा सोसायटीला परत मिळेल. सांगितलं नाही तर ते भंगारातच जातं.

आणि तुम्हाला विनंती अशी की शहराच्या पानावर एक छोटी चौकट द्या, रोज नाही जमलं तर आठवड्यातून एकदा. वाचकांनी आपल्या नेहमीच्या वाटेवरचा एक फोटो पाठवायचा, खाली गल्लीचं नाव आणि तारीख. गिरगावातली चाळ असेल, पुण्यातल्या वाड्याचा दरवाजा असेल, कोल्हापूरचं कुठलं कोरीव छत असेल, हाताने रंगवलेली दुकानाची पाटी असेल. पुरस्कार-बिरस्कार काही नको.

सुरुवात म्हणून सोबत एक फोटो पाठवतेय. आमच्या मागच्या गल्लीतलं गेट आहे, दोन कमळं आणि मधे बिल्डिंगीचं नाव, मंगळवारी सकाळी साडेआठला काढला. समोर पत्रे ठोकायला घेतलेत, वॉचमन म्हणाला पुढच्या महिन्यात पाडणार. छापलात तर बरं होईल, कारण तिथली बरीच मंडळी भाड्याने ठाण्या-डोंबिवलीला गेलीत आणि तुमचा पेपर तिकडे जातो.

आपली,
एक वाचक, माटुंगा