मुळ्याचा नैवेद्य घेणारा गणपती

महोदय,

चतुर्थीला टोकियोत करमेना, म्हणून असाकुसातल्या मात्सुचियामा शोदेन देवळात गेलो. इथला देव कांगितेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानात आलेला आपला गणपतीच. पण ना दूर्वा, ना जास्वंद! लोक हातभर लांब पांढरे मुळे वाहत होते. देवळातच विकत मिळतात. भिंतींवरही मुळेच कोरलेले. मूर्ती बंद दाराआड, भाविकांना दर्शन नाही. देव ओळखीचा आणि डोळे भरून पाहता येत नाही, जीव कासावीस झाला. मुळा ठेवून हात जोडले, तेव्हा घरची आरती ओठांवर आली. मोठ्याने म्हणायचा धीर झाला नाही. आपल्या पुरवणीत या देवाबद्दल सविस्तर लेख जरूर द्यावा.

– एक वाचक, टोकियो