सूचना: उंदराच्या जीएम-सीएसएफची नवी कुपी आली आहे, उघडण्याआधी हे वाचा

सर्वांना नमस्कार,

रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेल्या) माउस जीएम-सीएसएफची, म्हणजे अस्थिमज्जेच्या पेशी वाढवणाऱ्या प्रोटीनची, 10 मायक्रोग्रॅमची कुपी आज आली. ती उणे 20 च्या फ्रीझरमध्ये, वरच्या कप्प्यात ठेवली आहे. कृपया कुणीही परस्पर उघडू नका.

कुपी रिकामी दिसते, पण रिकामी नाही. तळाशी सुकवलेल्या प्रोटीनचा पांढरा, जेमतेम दिसेल असा पापुद्रा असतो आणि प्रवासात तो झाकणालाही चिकटतो. मागच्या वेळी सेंट्रीफ्यूज न करताच झाकण काढलं गेलं आणि निम्मं प्रोटीन तिथेच गेलं. महिनाभराची वाट पाहणं वाया गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सोमवारी सकाळी आपण एकत्र बसून विरघळवू. आधी थोडा वेळ सेंट्रीफ्यूज, मग 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घातलेलं 100 मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण). व्होर्टेक्सवर (जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) अजिबात नाही, पिपेटने अलगद. बीएसए वगळू नका. त्याशिवाय इतक्या कमी प्रमाणातलं प्रोटीन नळीच्या भिंतीला चिकटून बसतं. 10-10 मायक्रोलिटरचे भाग करून उणे 80 ला ठेवू. एका भागात 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरने पेशी वाढवायचं 50 मिलिलिटर माध्यम होईल. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही.

आणि नव्या मुलांसाठी: शेजारचा मानवी जीएम-सीएसएफ उंदराच्या अस्थिमज्जेच्या पेशींवर चालत नाही. लेबल दोनदा वाचा, कारण अस्थिमज्जेपासून डेंड्रिटिक पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) वाढवायला आठवडा जातो.

ज्यांना भाग हवे आहेत, त्यांनी शनिवारपर्यंत वहीत नाव लिहावं.