गोळी कुठे थांबते ते आधी बघा

मा. संपादक,

खासगी शेतजमिनीवर हौस म्हणून नेमबाजी करू द्यावी का, या वादात एक बाजू म्हणते ‘माझी जमीन, माझी मर्जी’ आणि दुसरी म्हणते ‘सरसकट बंदी घाला’. मी अनेक वर्षे रायफल चालवतो, नवख्यांना शिकवतोही. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. झाडलेली गोळी कुठे थांबणार, हे आधी विचारा आणि नियम त्यावरून ठरवा.

नियमांची चर्चा बहुतेक वेळा किती एकर जमीन हवी यावरच अडते. दहा एकरांचा चौकोनी तुकडा घेतला तर या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम २०० मीटर भरतात. एअर रायफलचा छर्राही वर रोखून मारला तर त्याहून लांब जाऊ शकतो. पॉइंट टू टू (.२२) ही बारीक गोळीची रायफल तर अनेकांना पोरखेळाची बंदूक वाटते, पण तिची गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाते. मोठ्या रायफलची गोळी चार किलोमीटरही ओलांडते. एवढे शेत कोणाकडे आहे? म्हणजे एकर मोजून सुरक्षितता मिळत नाही. ती मिळते टार्गेटमागच्या मातीच्या भरावातून.

‘मागे दाट झाडी आहे की’ हे उत्तर मी फार वेळा ऐकले आहे. दोन खोडांमधून गोळी सरळ निघून जाते, आणि झाडीपलीकडे कोण गवत कापत बसले आहे ते नेम धरणाऱ्याला दिसत नाही. भराव उंच हवा, रुंद हवा आणि वरच्या थरात दगडगोटे नकोत, कारण दगडावर आपटलेली गोळी कुठल्या कुठे उसळते. एकदा भराव घातला की काम संपले, असेही नाही. सगळे जण मधल्या ठिपक्यावरच नेम धरतात, त्यामुळे त्याच्या बरोबर मागे मातीत खळगा पडतो आणि आत शिशाचा गोळा साचत जातो. पुढची गोळी मग मातीत न रुतता त्या शिशावर आदळते आणि तुकडे उलटे येतात. म्हणून खळगा वेळोवेळी उकरून शिसे काढायचे, माती पुन्हा भरायची. साचलेले शिसे जमिनीत आणि पाण्यात उतरू नये, ही काळजीही त्यातच घेतली जाते. इतके साधे काम नियमांत सक्तीचे का नसावे?

बांधावर बाटल्या मांडून किंवा तळ्यातल्या डब्यावर गोळ्या झाडणे तर साफ बंद व्हावे. तिरकस कोनात पाण्यावर पडलेली गोळी टप्पा खाऊन पुढे जाते. टार्गेट म्हणून लावलेल्या लोखंडी पत्र्यावर खड्डे पडले असतील तर तो पत्रा फेकून द्यावा, कारण खड्ड्यात आदळलेल्या गोळीचे तुकडे उलटे येऊ शकतात.

वाळक्या गवताच्या दिवसांत पोलादी गाभ्याच्या आणि नुसत्या तांब्याच्या गोळ्या नकोत. कठीण पृष्ठभागावर आदळून फुटलेले त्यांचे गरम तुकडे आग लावू शकतात, हे अमेरिकेच्या वनसेवेने २०१३ मध्ये प्रयोग करून दाखवले आहे. आवाजाचेही तसेच. मोठ्या रायफलचा बार झाडणाऱ्याच्या कानाशी १४० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानांना संरक्षण हवेच. शेजाऱ्यांची गुरे बुजतात, तान्ही मुले दचकून उठतात, म्हणून वेळा ठरलेल्या असाव्यात आणि शेजाऱ्यांना त्या आधी कळवाव्यात.

परवानगी देणाऱ्याने नकाशावर सही करून मोकळे होऊ नये. त्याने जागेवर यावे, नेम धरण्याच्या जागी उभे राहून समोर बघावे, मग भरावामागे चालत जाऊन वाट, घर, विहीर काय आहे ते पाहावे. शेजारच्या शेतकऱ्यालाही सोबत घ्यावे. त्याची हरकत असेल तर ती तिथेच लिहून घ्यावी आणि तिचे निवारण होईपर्यंत परवानगी थांबवावी.

– एक नेमबाज वाचक