आई-बाबा, यावेळी गाडी गुडघ्यांना विचारून घेऊया

प्रिय आई-बाबा,

फोनवर नव्या गाडीचा विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणतात आणि आई लगेच "जेवलीस का" विचारते, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच पाठवते. निवांत वाचा. आणि बाबा, चष्मा लावून वाचा, अर्धं वाचून "कळलं" म्हणू नका.

दिवाळीत साताऱ्यात पोवई नाक्यावर तुम्ही मला उतरवायला थांबलात ना, तेव्हा आईपण उतरली भाजी घ्यायला. मी मागे उभी राहून बघत होते. तिने आधी दोन्ही पाय बाहेर काढले, उजवा हात दाराच्या चौकटीला, डावा दारावर, मग स्वतःशीच "एक, दोन" म्हणाली आणि तीनला उठली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तर परत बसली आणि पुन्हा एकपासून मोजलं. मला तिथेच कळलं की आता गाडी बदलायची, आणि एव्हरेज बघून नाही तर हे "एक, दोन" बघून बदलायची.

आपल्या चंदेरीवर माझाही जीव आहे हो. 2009 ची गाडी, माझं कॉलेज, लग्न, सगळं तिच्यात झालं. पण मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढताना काटा वर गेला आणि बाबांनी इंजिन थंड ठेवायला हीटर लावला, बाहेर उन्हाचा कहर, आत आपण तिघं भाजून निघालो, आई पदराने वारा घेतीये आणि बाबा म्हणतायत "काही होत नाही, ही ट्रिक आहे". ट्रिक आहे मान्य, हीटर इंजिनचीच उष्णता आत ओढतो, पण सत्तरीत घाटात ट्रिका कशाला करायच्या? त्यात पंपावर आता ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, तेवढ्या जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील काही त्यासाठी बनलेले नाहीत.

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस केलं, ग्रीन टॅक्स भरला, आरसी 2029 पर्यंत वाढवून घेतली, आत्ता आत्ता एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षा नंबरप्लेटपण लावली, तो खर्च वाया? बाबा, प्लेटसाठी गाडी ठेवायची म्हणजे बटणासाठी शर्ट शिवण्यासारखं झालं. आणि तीन वर्षं "थांब, किमती उतरतील" म्हणत होतात ना, उतरल्या की! 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, वरचा सेसपण गेला. आता हे कारण संपलं.

गेले दोन रविवार मी इथे शोरूम हिंडले, पर्समध्ये आईची शिवणाची टेप घेऊन. सेल्समनला वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलंय. मी स्वयंपाकघरातल्या तुझ्या खुर्चीची उंची दिवाळीत मापून आणली होती आई, ज्या खुर्चीवरून तू न मोजता उठतेस ती. सीट साधारण तेवढी उंच पाहिजे, म्हणजे खाली बसायचं नाही आणि वर चढायचंही नाही, नुसतं आडवं सरकायचं. सेडान तिथेच बाद झाल्या. मोठ्या एसयूव्हीत साडी सावरत पायरी चढल्यासारखं चढावं लागतं, त्याही बाद. उरल्या मारुतीची वॅगनआर आणि टाटाची पंच.

वॅगनआरचं बाबांना सांगायला नको. 1999 पासून भारतात आहे, उभ्या बांध्याची, पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतात, आणि तुमच्या ओळखीचा प्रत्येक मेकॅनिक डोळे झाकून उघडेल. पण एक गोष्ट मला खुपते. गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2023 च्या टेस्टमध्ये तिला मोठ्यांच्या सुरक्षेत एकच स्टार मिळाला. नंतर सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये आल्या हे खरं, तरी तो एक स्टार डोक्यातून जात नाही. पंचला 2021 मध्ये त्याच संस्थेचे पाच स्टार होते, आणि तिची दारं 90 अंशात उघडतात, म्हणजे कपाटासारखी पूर्ण. पाय काढताना दार गुडघ्याला लागतच नाही. सीट थोडी उंच आहे, टेपने बघितलं तर आईच्या खुर्चीपेक्षा जराशीच. माझं मत पंचकडे झुकतंय, पण बसून आईनेच ठरवायचं, मी नाही आणि बाबा, तुम्हीही नाही.

आता खरा मुद्दा. गाडी ऑटोमॅटिकच घ्यायची, म्हणजे एएमटी. बाबा लगेच म्हणतील एव्हरेज, जास्तीचे चाळीस-पन्नास हजार, मला गिअरची सवय आहे. एव्हरेजचं सोडा, तुमचं रनिंग महिन्याला तीनशे किलोमीटर, वर्षाचे 3600. लिटरला दोनचा फरक धरला, 18 आणि 20, तरी वर्षाला वीस लिटर, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. तेवढी तर तुम्ही वर्षाला कंदी पेढ्यांवर उडवता. (सीएनजीचं नावच काढू नका, डिकीत सिलेंडर आणि पंपावर रांग.) आणि एएमटी म्हणजे काही परग्रहावरचं मशीन नाही, तोच गिअरबॉक्स, तोच क्लच, फक्त क्लच दाबायचं काम एक छोटी यंत्रणा करते. गिअर बदलताना गाडी जरा झटका देते, हळू पाय दिला की तेही कमी होतं. त्यात पार्किंगचा पी नसतो, चढाउतारावर लावताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, म्हणजे तुमची जुनीच सवय.

पण एएमटी मी बाबांसाठी मागत नाहीये. आई, तुझ्यासाठी मागतेय.

1994 मध्ये तू पद्मिनीवर शिकलीस, लायसन्स काढलंस, आणि मग एकदा समर्थ मंदिराच्या चढावर गाडी बंद पडली, मागे ट्रक, क्लच सुटला, गाडी मागे येऊन हातगाडीला टेकली आणि चार लोक हसले. त्यानंतर तू कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस. पण बाबा दर पाच वर्षांनी स्वतःबरोबर तुझंही लायसन्स रिन्यू करतात, 2023 मध्ये केलं, 2028 पर्यंत चालू आहे, आणि तू ते फक्त रेल्वेत टीसीला दाखवतेस! आता क्लचच नाही, आणि हिल होल्ड असलेलं मॉडेल घेऊ, त्यात चढावर ब्रेक सोडला तरी गाडी दोनेक सेकंद धरून ठेवते, तेवढ्यात पाय एक्सिलरेटरवर जातो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीतरी होणार, तेव्हा महिनाभर कोण चालवणार? शेजारच्या मुलाला किती वेळा हाक मारायची? ड्रायव्हिंग स्कूलचे दहा दिवस लावू, शिकवणारी बाई मिळाली तर उत्तमच. बाबा शिकवणार नाहीत, हे मी आत्ताच लिहून ठेवते, कारण मला शिकवताना काय काय बोललात ते मला आठवतंय.

बाकी बारीकसारीक. एसीला गोल बटणं पाहिजेत, स्क्रीनवर बोट फिरवत बसायला नको. मागे वायपर आणि कॅमेरा, कारण बाबा आता रिव्हर्स घेताना मानेऐवजी अख्खे वळतात आणि तुळशीच्या कट्ट्यावरचा चंदेरी रंग अजून निघालेला नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याची सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो, तुमचा पन्नास टक्के झालाय, जुन्या विमा कंपनीकडून पत्र घ्या, नव्या गाडीला लागतो. आणि चंदेरी ज्याला द्याल त्याच्या नावावर आरसी होईपर्यंत चावी द्यायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

मी शनिवारी स्वारगेटहून सकाळची विनाथांबा एसटी पकडते. रविवारी अकराला दोन्हीकडे टेस्ट ड्राइव्ह सांगून ठेवलीये. आई, सँडल नको, ते मागे पट्टा असलेले बूट घाल, आणि लायसन्स पर्समधून काढून वर ठेव, ओरिजिनल मागतात.

तुमची,
चिमी