चि. सईस, घानाला

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र परवा पोचलं. बाबांनी मोठ्यानं वाचलं आणि नंतर मी ते स्वयंपाकघरात नेऊन पुन्हा वाचलं. आधीच्या पत्रांतून टेचिमानचा बाजार, यामच्या राशी, खचाखच भरलेली ट्रोट्रो मिनीबस असं सगळं यायचं. या खेपेला तू लिहिलंस, "मी प्रश्न विचारते आणि अख्खा वर्ग मान खाली घालून बसतो. माझा इथे काही उपयोग नाही असं वाटतं." तेवढं वाक्य मनातून जाईना, म्हणून आज त्यावरच लिहिते आहे.

त्या मुलांना गणित येत नाही असं धरून चालू नकोस. मी नगरला दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि अकरावी सायन्सला एकदम सगळं इंग्रजीत आलं. फिजिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर वेगाचं उदाहरण घातलं. माझं उत्तर त्यांचा खडू खाली ठेवून व्हायच्या आत तयार होतं, 20 मीटर प्रति सेकंद. पण उभं राहून ते सांगायचं कसं? 'इट इज' म्हणायचं की 'द व्हेलॉसिटी इज'? सुरुवात चुकली तर मागची मुलं हसणार. मी वहीकडे बघत बसले. सर म्हणाले, "मराठी मीडियम का?" आणि पुढच्या बाकाकडे वळले. उत्तर माझ्या वहीत लिहिलेलं होतं गं, पण ते कुणी बघितलंच नाही.

तुझ्या वर्गातली मुलं घरी त्यांची ट्वी भाषा बोलतात. चौथीपासून त्यांचं शिकणं इंग्रजीत, आणि ज्युनियर हायच्या शेवटी बीईसीईची, म्हणजे तिथली बोर्डाची परीक्षा, तीही इंग्रजीतच. त्यात तुझं बोलणं न्यू जर्सीचं, भरभर. ती गप्प बसतात ती याच्यामुळे. तेव्हा माझं ऐक, प्रश्न विचारलास की लगेच उत्तर मागू नकोस. दोघादोघांना आपसांत ट्वीत बोलू दे, वर्गात गलका झाला तरी होऊ दे. मग एकाला उत्तर सांगायला लाव आणि दुसऱ्याला रीत. इंग्रजी वाक्याची सुरुवात फळ्यावर लिहून ठेव, म्हणजे त्यांना फक्त पुढचं भरायचं. आणि वह्या बघत फीर. जे तोंडातून येत नाही ते वहीत असतं.

आजोबांची नेवासे तालुक्यातली शाळा एकशिक्षकी होती. चार इयत्ता एका खोलीत. ते चौथीच्या पोरांना पहिलीच्या पोरांपुढे चिंचोके घेऊन बसवत आणि स्वतः तिसरीला भागाकार शिकवत. मोठ्या पोरांना शिकवता शिकवता स्वतःचं पक्कं व्हायचं. एका वर्गात साठ मुलं आणि पुस्तकं चौघांत एक, असं तू लिहिलंस, तेव्हा मला तीच खोली आठवली. हुशार मुलांना तू सगळ्यांत पुढे बसवलं आहेस. त्यांना वर्गभर विखुरून टाक.

आणि ट्वी शीक, मनापासून शीक. ट्रेनिंगमध्ये शिकवली तेवढी पुरणार नाही. तू ज्या पीस कोअरमधून, अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून गेली आहेस, तिची पहिली तुकडी 1961 च्या ऑगस्टमध्ये घानाच्या राजधानीत, अक्रालाच उतरली होती. तेही शिक्षकच होते, आणि विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांनी ट्वीत गाणं म्हटलं. त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट आपल्या नगरची आहे. सिंथिया फॅरार नावाची न्यू हॅम्पशायरची शिक्षिका 1827 च्या डिसेंबरात बोटीनं मुंबईला आली. लग्न न झालेली बाई एकटी इतक्या दूर कामाला जाते, हे तेव्हाच्या अमेरिकेत कुणाच्या पचनी पडणारं नव्हतं. ती मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या, 1839 पासून नगरला राहिली आणि 1862 मध्ये नगरलाच वारली. जोतिरावांनी तिची मुलींची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण तिच्याकडे घेतलं. मिशनऱ्यांचा धर्मप्रचार मला पटत नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण शाळेत मुली पाठवायला आईबाप तयार नसताना ही बाई वर्षानुवर्षं मराठीतून शिकवत राहिली, आणि त्याबद्दल मला तिच्याविषयी फार आदर आहे. ती आल्या आल्या पहिल्या वर्षी घरी काय लिहीत असेल, असं तुझं पत्र वाचताना मनात आलं.

छडीचं लिहिलंस. मुलंच म्हणतात, "मॅडम, मारल्याशिवाय आम्ही ऐकणार नाही." तरीही हातात घेऊ नकोस, कधीच नाही. तिथल्या शिक्षण खात्यानं मनाई केलेली आहे, आणि आपल्याकडेही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आली, तरी सवयी एका कागदानं जात नाहीत. शेजारच्या वर्गातल्या सरांना मात्र भाषण देऊ नकोस. ते तिथे जन्मभर राहणार आहेत, तू दोन वर्षं. त्यांना तुझ्या तासाला येऊन बसायला सांग. छडीशिवाय वर्ग चालतो हे त्यांना दिसलं तर ते स्वतःच विचारतील.

तुझ्या यजमानीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्या डाव्या हातानं काही देऊ-घेऊ देत नाहीत, हे वाचून आजीला फार बरं वाटलं. फुफूबरोबरचं, म्हणजे कंद कुटून केलेल्या त्या गोळ्याबरोबरचं शेंगदाण्याचं सूप म्हणजे आपली दाण्याची आमटीच म्हणायची, फक्त वरईच्या भाताऐवजी फुफू. रविवारच्या मराठी शाळेतल्या बाई तुझी चौकशी करत होत्या. शुक्रवारी जन्मली म्हणून सगळं गाव तुला अफुआ म्हणतं, असं सांगितलं, तर त्यांनी ते लगेच वर्गात फळ्यावर लिहिलं.

लोक विचारतात, इंजिनियर झालेली मुलगी तिकडे कशाला पाठवली? बाबा सांगतात, शिकवायला गेली आहे. तेवढंच. मुदत पूर्ण करूनच ये, मध्येच सोडू नकोस, असं आम्हा दोघांचंही म्हणणं आहे. पण तब्येत बिघडली तर मात्र लपवायचं नाही. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नकोस आणि मच्छरदाणी रोज नीट खोचून घे. पार्सलमध्ये मेतकूट, गोडा मसाला आणि हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्यात ओठांना लावायला व्हॅसलिन पाठवलं आहे. रंगीत खडूंचे डबे बाबांनी घातले आहेत.

पुढच्या पत्रात दुसरं काही नसलं तरी चालेल, पण खिडकीजवळ बसणारी ती मुलगी, जिची वही तुला सगळ्यांत नीटस वाटली, ती जोडीत बसवल्यावर काय बोलली ते सविस्तर लिही.

तुझी,
आई